४ नंबर वीज केंद्राचा संघ

माझी सगळी नोकरी नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात गेली. फुटबॉलमधला तुमचा क्लब कोणता, असं कुणी विचारलं की मी एर्चिम सांगतो आणि समोरचा हसतो. बाकी कुणाचा मँचेस्टर असतो, कुणाचा बार्सिलोना, घरात नातवाचा रियल माद्रिद. माझा एर्चिम, मुक्काम उलानबातर, मंगोलिया. १९९४ साली निघालेला, शहराच्या ४ नंबर औष्णिक वीज केंद्राचा संघ. एर्चिम म्हणजे ऊर्जा. नाव ठेवताना कुणी फार डोकं लढवलेलं दिसत नाही. वीज केंद्रातली माणसं अशीच नावं ठेवतात.

हा संघ माझ्यापर्यंत आला तो बेंगळुरूच्या वाटेनं. २०१७ साली बेंगळुरू एफसी एएफसी कपात, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, चांगलाच पुढे गेला होता. २३ ऑगस्टला कांतीरवा स्टेडियमवर त्यांची गाठ उत्तर कोरियाच्या एप्रिल २५ या संघाशी पडली. सुनील छेत्रीची पेनल्टी, मग उदांता सिंग, मग गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज, ३-०. पुढच्या महिन्यात प्याँगयांगला जाऊन त्यांनी ०-० असा सामना राखला आणि फेरी जिंकली. हे कोरियावाले इथवर कुणाला हरवून आले, हे बघायला मी त्यांच्या गटाचा तक्ता उघडला. गटात संघ तीनच. एप्रिल २५ हा उत्तर कोरियाच्या सैन्याचा. दुसरा ‘किग्वानचा’ नावाचा, तोही तिथलाच, रेल्वेचा. आणि तळाला तिसरा, एर्चिम.

सर्व्हिसेस, रेल्वे आणि वीज मंडळ! आंतरविभागीय स्पर्धेचा तक्ता चुकून आशिया खंडाच्या पानावर छापला गेलाय, असंच मला वाटलं. एएफसी कपाच्या गटात खेळलेला मंगोलियाचा हा पहिला क्लब, आणि तो निघाला आपल्या खात्याचा. त्या दिवसापासून मी त्यांचा.

आता थोडं केंद्राबद्दल लिहितो. फुटबॉलसाठी आलेल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण मग पुढचं अर्धंच कळेल. उलानबातर ही जगातली सगळ्यात थंड राजधानी. उंची साधारण तेराशे मीटर, आणि वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्या खाली. जानेवारीत रात्री पारा उणे तीसच्याही खाली उतरतो. अशा गावात वीज गेली तर माणूस शेकोटी पेटवेल, पण नळातलं पाणी गोठून पाइप फुटले तर इमारतच राहण्यालायक उरत नाही. म्हणून तिथली केंद्रं नुसती वीज करत नाहीत, वीज आणि उष्णता दोन्ही करतात. आमच्याकडे टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड करतात आणि तिची उष्णता कूलिंग टॉवरवाटे आकाशात सोडून देतात. कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता अशी फुकट जाते. नागपूरच्या मे महिन्यात ती कुणाला हवी असणार म्हणा! उलानबातरला ती सोडत नाहीत. तीच वाफ पाणी तापवते आणि ते पाणी जाडजूड नळांमधून शहरभर फिरतं, घरांत, शाळांत, दवाखान्यांत. १५ सप्टेंबरला हा तापवण्याचा हंगाम सुरू होतो आणि १५ मेपर्यंत चालतो. आठ महिने.

त्यातलं ४ नंबर हे सगळ्यात मोठं केंद्र. सोव्हिएत मदतीनं बांधलेलं, १९८३ साली सुरू झालेलं, बागानूरसारख्या खाणींच्या कोळशावर चालणारं. शहराच्या उष्णतेतला मोठा वाटा त्याचाच, आणि देशाच्या मध्यवर्ती ग्रिडमधल्या विजेचाही. आमचा एखादा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर फार तर भारनियमन व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी यायच्या. तिथे जानेवारीत ४ नंबर बसलं तर राजधानीच गोठेल. तिथल्या शिफ्ट इंचार्जला रात्रपाळीत डुलकी तरी कशी लागत असेल?

आणि ही सोय अर्ध्याच गावाला आहे, हेही सांगायला हवं. शहराभोवतीच्या टेकड्यांवर गेरांच्या, म्हणजे त्यांच्या गोल तंबूंच्या, वस्त्या पसरल्या आहेत. तिथवर हे नळ पोचत नाहीत. तिथले लोक शेगडीत कोळसा जाळतात आणि हिवाळाभर गावावर धुराची गोधडी पसरलेली असते. २०१९ मध्ये शहरात कच्चा कोळसा जाळायला बंदी आली, त्याजागी ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या, आल्या.

आता १९९४. हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मॉस्कोची मदत एकदम थांबली. रशियन तंत्रज्ञ परत गेले, सुटे भाग येईनात. सोव्हिएत यंत्रांनी भरलेल्या केंद्रात सुटे भाग नसणं म्हणजे काय, हे देखभाल विभागातल्या माणसाला विचारा. कोळसा दळायच्या एका मिलचे भाग काढून दुसरीला लावायचे, दुसरीचे तिसरीला. त्याच काळात उलानबातरमध्ये बेघर मुलं हिवाळ्यात मॅनहोलमध्ये उतरून गरम पाण्याच्या नळांना चिकटून झोपायची. त्या वर्षांत जगभरच्या वर्तमानपत्रांत ती छायाचित्रं आली होती.

अशा दिवसांत ४ नंबरवाल्यांनी फुटबॉलचा संघ काढला. कारखान्याला पैसा जास्त झाला की मालक संघ काढतो, असं आपण ऐकलेलं असतं. इथे उलटं झालं. तोवरचा मंगोलियातला फुटबॉल सरकारी छत्राखालचा होता. राष्ट्रीय विजेतेपद १९६४ पासून होतं, पण त्यात सैन्याचा अल्दार आणि तसलेच संघ. नव्वदीत ते छत्र उडालं. तेव्हा ज्याच्याकडे पगारपत्रक होतं, मैदानापुरती जागा होती आणि गरम पाणी होतं, त्यालाच संघ पोसता येणार होता. वीज केंद्राकडे या तिन्ही गोष्टी होत्या. तिसरी तर उलानबातरमध्ये सर्वांत मोलाची.

देशाच्या फुटबॉलची अवस्था तेव्हा काय होती? महासंघ १९५९ चा. राष्ट्रीय संघ १९६० मध्ये हनोईला जाऊन खेळला आणि त्यानंतर अडतीस वर्षं एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. शून्य! १९९८ मध्ये फिफाचं सदस्यत्व मिळालं, त्याच डिसेंबरात थायलंडमध्ये आशियाई खेळ झाले आणि तिथे उझबेकिस्ताननं त्यांना १५ गोल घातले. ज्या देशात कुस्ती, घोडदौड आणि तिरंदाजी हेच मर्दांचे तीन खेळ, जिथे जुलैतल्या नादाम उत्सवासाठी अख्खा देश काम थांबवतो, ज्यानं जपानला जाऊन सुमोचे असाशोर्यू आणि हाकुहो हे पैलवान घडवले, तिथे फुटबॉलकडे बघायला कुणाला वेळ होता?

एर्चिमचा पसारा या उजाड मैदानावर उभा राहिला. पहिलं विजेतेपद १९९६. मग १९९८, २०००, २००२. एक वर्षाआड, जणू संचाचं वार्षिक ओव्हरहॉल चालू असल्यासारखं. मधल्या विषम वर्षांत दुसरं कुणीतरी जिंकायचं. २००१ ला जिंकला खानगारिद आणि मग २००३, २००४ लाही. खानगारिदची गोष्ट मला एर्चिमइतकीच आवडते, कारण तो एर्देनेतचा. उलानबातरच्या वायव्येला सोव्हिएत-मंगोल भागीदारीत तांब्याची खाण उघडली आणि तिच्यासाठी सत्तरच्या दशकात अख्खं शहर वसवलं, ते एर्देनेत. १९७८ पासून तिथून तांबं निघतंय. म्हणजे मंगोलियाच्या लीगमधली खरी खुन्नस कितीतरी वर्षं वीज केंद्र विरुद्ध तांब्याची खाण अशी होती. राजधानीबाहेरचा एक संघ राजधानीवाल्यांना दमवतोय, हे चित्र कुठल्याही लीगला लागतंच. बाकीचे बहुतेक क्लब एकाच शहरातले, आणि सामनेही बरेचसे एकाच मैदानावर, महासंघाच्या फुटबॉल सेंटरवर. पाच हजार प्रेक्षकांची जागा, कृत्रिम गवत, फिफाच्या पैशातून उभं राहिलेलं. नैसर्गिक गवताचा तिथे काय टिकाव लागणार? जमीनच खोलवर गोठते.

हंगामही त्या थंडीनंच ठरवलेला. वर्षानुवर्षं लीग वसंतात सुरू होऊन ऑक्टोबरच्या आसपास संपायची. एकदा मी सहज दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघितली. तापवण्याचा हंगाम उतरणीला लागतो तेव्हा फुटबॉल सुरू होतो आणि बॉयलर पुन्हा पूर्ण भारावर गेले की फुटबॉल आवरतो. लीग भरवणाऱ्यांनी थंडी बघूनच तारखा लावल्या असणार, पण ४ नंबरच्या माणसाला याहून सोयीचं काय हवं? भार कमी असतानाच मॅच बघायला सवड. २०२१-२२ पासून मात्र तिथल्या लीगनं शरद ते वसंत असा युरोपी हंगाम धरला, मधे हिवाळ्याची लांब सुट्टी घेऊन. आशियाई कॅलेंडरशी जुळवायला ते गरजेचं असेल. मला नाही पटलं. उणे तापमानाच्या देशानं इंग्लंडच्या पावसाचं वेळापत्रक का घ्यावं?

२००७ आणि २००८ ला एर्चिम पुन्हा जिंकला. २०१२, २०१३ लाही. २०१४ ला खोरोमखोननं खंड पाडला. आणि मग खरी सद्दी आली. २०१५, २०१६, २०१७, २०१८, सलग चार वर्षं. तोवर एकूण बारा विजेतेपदं. मंगोलियात त्यांच्या जवळपासही कुणी नव्हतं. याच सद्दीच्या मधोमध ते एएफसी कपाच्या गटात पोचले आणि मला दिसले. कोरियाच्या दोन संघांपुढे त्यांचा निभाव लागला नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्या एप्रिल २५ ला त्यांनी तोंड दिलं, त्याच संघाला हरवायला बेंगळुरूला छेत्री लागला.

मी स्वतः वसाहतीच्या मैदानावर खेळलोय, आमच्या केंद्राच्या संघातून. मैदान राखेच्या बंधाऱ्याच्या बाजूला होतं. वारा फिरला की उत्तरार्धात चेंडू करडा व्हायचा आणि आम्हीही. नागपुरातल्या मोमिनपुऱ्याची पोरं आली की आमची अशी धुलाई व्हायची की पुढचे चार दिवस कंट्रोल रूममध्ये कुणी विषय काढायचं नाही. पण खात्याच्या संघाची एक गंमत असते. लेफ्ट विंगचा माणूस पहाटेची पाळी करून आलेला असतो. गोली रजेवर गेला तर वेल्डिंग शॉपमधला कुणीतरी हातमोजे चढवतो. प्रेक्षकांत बसलेल्यांना खेळाडूचा पगार, बायकोचं नाव आणि त्याची बढती का अडली हे सगळं माहीत असतं, आणि ते मोठ्यानं ओरडून सांगितलंही जातं. एर्चिम व्यावसायिक क्लब, त्यांचं प्रकरण कितीतरी वरच्या पायरीचं. पण त्याची मुळं याच मातीतली आहेत असं मी मानतो.

खात्याच्या संघाचं दुखणंही आम्हाला ठाऊक आहे. खर्चकपातीचा आदेश आला की पहिली कात्री क्रीडा विभागाला. आमचा संघ असाच एका परिपत्रकानं संपला. निरोपसमारंभ सोडा, जर्सीसुद्धा स्टोअरला जमा करून घेतल्या, पावती देऊन. आणि हे आमच्यासारख्या छोट्यांचंच होतं असं नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद झाला, तोही राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. गोव्यात धेंपो आणि साळगावकर हे खाणमालकांच्या घराण्यांचे क्लब. धेंपो तर २००८ साली एएफसी कपाच्या उपांत्य फेरीत गेला होता. २०१६ ला दोघांनीही आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या राष्ट्रीय लीगमधून, अंग काढून घेतलं. त्यांचं कारण पैशापेक्षा देशातल्या लीगच्या नव्या रचनेवरचा राग हे होतं, आणि तो राग मला पटतो. वर्षानुवर्षं घर चालवणाऱ्याला तुम्ही ओटीवर बसा म्हणायचं, आणि काल आलेल्याला आत दिवाणखान्यात जागा द्यायची!

उलानबातरमध्ये वेगळ्या तऱ्हेनं पण तेच वारं फिरलं. २०१९ चं विजेतेपद उलानबातर सिटीकडे गेलं. २०१६ मध्ये निघालेला खासगी क्लब, स्वतःचं नवं मैदान, सगळं चकचकीत. मग २०२० आणि २०२१ अ‍ॅथलेटिक २२० कडे, तोही तसाच नव्या दमाचा. पुढे एसपी फाल्कन्स नावाचा संघ वर आला आणि २०२४-२५ मध्ये आशियाच्या चॅलेंज लीगमध्ये मंगोलियाकडून खेळला. नावंच बघा. यांतल्या एकाही नावात केंद्राचा, खाणीचा, कामगाराचा वास नाही. एर्चिमच्या नावापुढेही प्रायोजक चिकटला आणि तो खान खुन्स-एर्चिम झाला. खुन्स म्हणजे खाद्यपदार्थ.

माझा एक जुना सहकारी, जो दिवसभर शेअर बाजार बघतो, तो म्हणतो की खेळाला यानंच बरे दिवस येतात. त्याचं म्हणणं साफ खोटं नाही. राष्ट्रीय संघ बघा. २०१९ च्या जूनमध्ये मंगोलियानं ब्रुनेईला दोन सामने मिळून ३-२ असं मागे टाकलं आणि विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं. सप्टेंबरात म्यानमारला १-० हरवलं. जर्मन प्रशिक्षक मिखाएल वाइस तेव्हा संघाचे गुरू होते. त्याच फेरीत जपाननं त्यांना एकदा ६ आणि एकदा १४ गोल घातले ही गोष्ट वेगळी. त्या १४ वाल्या सामन्याचे यजमान कागदोपत्री मंगोलियाच होते, पण कोविडमुळे सामना झाला जपानमध्येच, चिबा शहरात, रिकाम्या मैदानावर. स्वतःच्या घरच्या सामन्याला परक्याच्या घरी जाऊन १४ गोल खायचे! तरीही १९९८ च्या डिसेंबरपासून मोजलं तर गाडी पुढेच गेलीय. फक्त ही गाडी तिथवर ओढत आणली कुणी, एवढंच माझं म्हणणं आहे. १९९६ ते २०१८ मधल्या बारा हंगामांत देशातला सर्वोत्तम संघ वीज केंद्राचा होता. या वर्षांत घडलेले खेळाडू काही प्रायोजकांनी घडवले नाहीत.

९ जून २०२३ ला भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कपात भारत-मंगोलिया सामना झाला. मी टीव्हीपुढे. सहल अब्दुल समदनं दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, छांगतेनं पंधराव्या मिनिटाच्या आत दुसरा, आणि घरातले सगळे खूश. मीही खूश होतो, उगाच कशाला खोटं बोलू? पण मंगोलियाची पोरं जूनमधल्या ओडिशाच्या उकाड्यात ज्या तऱ्हेनं पुढचा सगळा वेळ धावत राहिली आणि तिसरा गोल होऊ दिला नाही, त्याला मी खुर्चीतून उठून टाळ्या दिल्या. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही नक्की कुणाकडून? मी त्याला म्हटलं, मॅच भारताची, दम त्यांचा.

परवा माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागलेला एक मुलगा भेटला, आता स्वतःच पांढऱ्या केसांचा. त्याच्याशी बोलताना सैनशंदचा विषय निघाला. मंगोलियाच्या गोबीत, दोर्नोगोबी प्रांतात, भारताच्या कर्जातून तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतोय. त्या देशातला हा असा पहिलाच मोठा कारखाना. २०१८ च्या जूनमध्ये त्याचं भूमिपूजन झालं, राजनाथ सिंह तिथे गेले होते. आता कारखाना म्हटला की पाळ्या येणार, पाळ्या आल्या की वसाहत येणार, आणि वसाहतीत संध्याकाळी चार माणसं चेंडू घेऊन बाहेर पडणार, उणे दहा असो की अधिक चाळीस. मी त्याला म्हटलं, तिथे कुणी ओळखीचा इंजिनियर असेल तर सांग, आराखड्यात मैदानाची जागा आत्ताच राखून ठेव म्हणावं, नंतर तिथे टाक्या उभ्या करतात. आणि ड्रेसिंग रूमला गरम पाण्याची लाइन थेट बॉयलर हाउसमधून ओढ. तो हसला. मी त्याला लाइनचा व्यास किती लागेल तेही कागदावर काढून दिलं.